दादाची सुवाच्य नक्कल

माझा थोरला भाऊ परभणीच्या तहसील कचेरीत नकलनवीस होता. दुसऱ्यानं खरडलेला मसुदा घ्यायचा आणि तो सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढायचा, हे त्याचं काम. उर्दू असो, मोडी असो की बाळबोध, त्याच्या हातून उतरलेला कागद बघणाऱ्याला प्रसन्न वाटे. कचेरीत त्याच्या अक्षराची वाहवा होती. घरात तर विचारूच नका. आमचे आबा आल्यागेल्याला त्याची पत्रं काढून दाखवायचे आणि वाचता न येणारी माणसंसुद्धा मान डोलवायची. मला मात्र त्या अक्षराचा आज म्हातारपणीही संताप येतो. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. दादाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी बोलणार आहे, कारण तो होता तेव्हा बोलले ते कुणी ऐकलं नाही.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट, रझाकारांचा धुमाकूळ सुरू व्हायच्या थोडी आधीची. माझं लग्न लहानपणीच लागलं होतं आणि नवरा पटकीच्या साथीत गेला. मी त्याला पुरतं पाहिलंही नव्हतं. सासरच्यांनी मला पेडगावला माहेरी आणून सोडलं ते कायमचंच. आमच्यात पाट लावायची मोकळीक होती, त्यामुळे थोड्या वर्षांनी माझ्यासाठी पुन्हा स्थळं यायला लागली. सगळी बिजवर, सगळी पोराबाळांची. पाथरीकडचा एक तर आबांच्याच वयाचा होता. त्याला बायको नको होती, धारा काढायला आणि भाकरी थापायला माणूस हवं होतं.

त्याच सुमारास परभणीला मुलींच्या शाळेला जोडून मास्तरणींचा वर्ग निघाला. मराठी चार बुकं मला येत होती. मी आबांचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी त्यांनी दादाच्या बिऱ्हाडी राहून तो वर्ग करायची परवानगी दिली. अट एकच. सनद मिळाली तर मास्तरीण, नाही मिळाली तर पाथरीचा पाट. आबा शब्दाचे पक्के होते, आणि चांगल्या शब्दापेक्षा वाईट शब्दाचे जास्त.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकीनं एक पाहणी लिहून द्यायची होती. आपल्या गावातली एखादी गोष्ट घ्यायची, घरोघर जाऊन विचारायचं, डोळ्यांनी बघायचं आणि लिहायचं. वर्गाच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, "पुस्तकातून उतरवलेलं मला लगेच कळतं. तुमच्या गावातलं आणा." कुणी देवळं घेतली, कुणी सण घेतले, एकीनं विहिरी घेतल्या. मी बियाणं घेतलं.

आमच्याकडे बी राखणं हे बाईचं काम. ज्वारीची कापणी चालू असतानाच बाया भरदार कणसं निवडून बाजूला काढतात आणि जुड्या बांधून चुलीवर आढ्याला टांगतात, म्हणजे धुरामुळे कीड लागत नाही. तूर, मूग राखेत घोळवून मडक्यात भरायचे, वर कडुलिंबाचा पाला घालायचा आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. भोपळ्याच्या, दोडक्याच्या बिया ओल्या शेणात खोचून भिंतीला थापायच्या. एवढं तर कुणीही सांगेल. मी पुढचं विचारत गेले. राख कुठली घ्यायची? एकीनं सांगितलं गवरीची, दुसरी म्हणाली तुराट्यांची, आणि दोघी एकमेकींना येडी ठरवून मोकळ्या झाल्या. एका घरी नवरात्रातल्या घटात काय कसं उगवलं ते बघून रब्बीला कुठलं बी धरायचं ते ठरवत. शेजारच्या घरी ते सांगितलं तर तिथली सासू खवळली. "घट देवीचा हाय. त्यो काय बी बघायला मांडलाय का?" मी तेही लिहिलं. कुणाचं कुणाशी जुळत नाही हे लिहिताना मला कोण आनंद व्हायचा! बाया हसायच्या, भांडायच्या, मला गूळ-पाणी द्यायच्या आणि पुन्हा नवीन काहीतरी सांगायच्या.

सगळ्यांत जास्त सांगितलं ते वेशीजवळच्या काकीनं. तिचा नवरा वारला होता, शेत दीर कसत होता, आणि घरातल्या बियाण्याची सगळी मडकी काकीच्या ताब्यात होती. मी लिहायला लागले की ती शेजारी बसून कागदाकडे बघत राहायची. "लिही माय लिही," म्हणायची. "आमचं बोलनं लिवायला आजवर कोन आलं होतं?"

आता एक अडचण होती. सांगणारीचं नाव लिहायचं तर बाया आपलं नाव सांगायला लाजत, आणि नवऱ्याचं नाव घेणं तर सोडूनच द्या. मग मी आपली साधी वाट काढली. "वेशीजवळची काकी", "थोरल्या आळीतली मधली सून", "माझी माय", असं लिहिलं. गावात कुणीही वाचलं असतं तर बोट दाखवून सांगितलं असतं, की ही ती.

लिहून झालं. पण कागद खाडाखोडीचा होता, आणि वर्गात स्वच्छ प्रत द्यायची होती. शिवाय वरच्या साहेबांसाठी सुरुवातीला उर्दूत गोषवारा जोडायचा होता, तो मला येत नव्हता. घरात नकलनवीस असताना बाहेर कुठं जायचं? मी कागद दादापुढे ठेवले आणि म्हणाले, "दादा, अक्षर तुझं घाल. शब्द माझे राहू दे."

"मला शिकवायलीस का?" दादा हसत म्हणाला. "जरा नजर घालतो, एवढंच. पॉलिश केल्याशिवाय लाकूडसुद्धा बाजारात नेत नाहीत."

ते शब्द ऐकून तेव्हाच कागद ओढून घ्यायला हवे होते असं कुणी म्हणेल. पण त्याच्या घरी मी राहत होते, त्याच्या चुलीवरची भाकरी खात होते, आणि खरं सांगायचं तर तो वाईट माणूस नव्हताच. त्यानं स्वतःची कामं बाजूला ठेवून माझ्यासाठी बोटं झिजवली. माझ्या कल्याणासाठी माझं वाटोळं केलं.

एके दिवशी तो दुपारी जेवायला आला तो खुशीतच. पाटावर बसता बसता म्हणाला, "तुझी पाहणी देऊन आलो वर्गात. बाई म्हणाल्या, असा देखणा कागद आजवर आला नव्हता."

"मला न दाखवता?"

"दाखवायचं काय? तुझंच तर आहे."

त्यानं कचेरीच्या सवयीनं दुसरी प्रत ठेवली होती. ती मी हातात घेतली आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. मी लिहिलं होतं, "बाया मडक्याचं तोंड लिंपून वर बोटांची खूण करतात, म्हणजे मधेच कुणी उघडलं तर कळतं." दादानं लिहिलं होतं, "कृषीवल मृत्तिकापात्राचे मुख मुद्रित करून बीजांचे संरक्षण करितो." सगळ्या कागदभर तो कृषीवल हिंडत होता. तोच कणसं निवडत होता, तोच राख चाळत होता, तोच भिंतीला शेण थापत होता. आमच्या गावात भिंतीला शेण थापणारा पुरुष मला अजून बघायचा आहे.

"दादा, बाया कुठं गेल्या?"

"कृषीवलात आल्या की सगळ्या."

"आणि त्यांचं भांडण? राखेचं? घटाचं?"

"ते काढून टाकलं. एक म्हणते असं, दुसरी म्हणते तसं. पाहणी आहे का पाणवठा? एक काय ते ठरवून लिहावं. मी गवरीची राख ठेवली."

त्यानं ठेवली! जन्मात ज्यानं मडक्यात हात घातला नाही त्यानं बसल्या जागी निकाल देऊन टाकला. पण खरी कमाल शेवटच्या पानावर होती. माहिती सांगणाऱ्यांची नावं तिथं एकाखाली एक मांडली होती, बाळबोधात आणि उर्दूत, मोत्यासारखी. सगळी पुरुषांची. माझी माय जिथं होती तिथं आमचे आबा. थोरल्या आळीतल्या सुनेच्या जागी तिचा नवरा. दादानं कचेरीतून पेडगावच्या खातेदारांची नावं उतरवून आणली होती. घर ज्याच्या नावावर, माहिती त्याच्या नावावर. आणि काकीच्या जागी तिचा मेलेला नवरा.

मी ओरडलेच. "अरे, हा मेलाय! तू स्वतः मातीला गेला होतास!"

दादानं शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. "मेला खरा. पण वारसाची नोंद झालेली नाही. कागदोपत्री खातेदार तोच. सरकारी कागदात सरकारी नाव जातं. 'वेशीजवळची काकी' हे काय नाव आहे? उद्या सरकार म्हणेल, कोण काकी, कुणाची काकी?"

"आणि कुणी तपासायला आलं तर?"

"पेडगावला? राख बघायला?" तो आणि वहिनी दोघं हसले.

मी माझे मूळ कागद मागितले. म्हटलं, खाडाखोडीचे तर खाडाखोडीचे, तेच जाऊन देते. तेव्हा कळलं की ते फाडून झाले होते. नक्कल झाली की मसुदा फाडायचा, ही त्यांच्या कामाची रीत, दोन कागद दोन तऱ्हेचे राहिले तर घोटाळा होतो म्हणून. वहिनीनं चुलीजवळच्या टोपलीकडे बोट दाखवलं. त्यातल्या एका चिटोऱ्यावर 'तुराट्यांची' एवढंच राहिलं होतं. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि बाईंकडे गेले तर बाई म्हणाल्या, "आता परत कसा घेऊ? नोंद होऊन वर गेला तो कागद."

तपासायला कुणी येणार नाही हे दादाचं म्हणणं खरं झालं असतं, जर त्याचा कागद इतका देखणा नसता. हैद्राबादहून मुलींच्या शाळा तपासायला एक बाई येत. मुसलमान घरातल्या, बुरख्यात वावरणाऱ्या, सगळे त्यांना बेगमसाहेब म्हणत. मराठवाड्यात बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी चांगलं कळे, बोलत मात्र दखनीत. ढिगातून त्यांच्या नजरेत भरला तो दादाचाच कागद. एवढं सुंदर काम केलेल्या मुलीचं गाव बघायचं त्यांनी मनात घेतलं. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं तेव्हा निरोप आला की बेगमसाहेब पेडगावची शाळा बघायला जाणार आहेत, मी सोबत यावं. दादानं रजा काढली. छाती फुगवून तो आदल्या दिवशीच गावी जाऊन बसला.

आमच्या घरी दमणी येऊन थांबली. दमणी म्हणजे पडद्याची हलकी बैलगाडी. बेगमसाहेब सरळ माजघरात गेल्या, बुरखा वर केला आणि सतरंजीवर बसल्या. त्यांना बघायला गावच्या बाया लोटल्या होत्या. पुरुष ओसरीवर. आबा, दादा, काकीचा दीर आणि कागदावर ज्यांची नावं होती ते सगळे, धुतलेले फेटे बांधून. मधल्या दारात चपराशी उभा. बेगमसाहेब पडद्यातल्या, त्यामुळे त्यांनी आतून विचारायचं, चपराशानं बाहेर विचारायचं आणि उत्तर आत आणायचं.

माझ्यासमोर त्या सगळ्या बसल्या होत्या, ज्यांनी मला अक्षरन् अक्षर सांगितलं होतं, आणि प्रश्न त्यांच्या डोक्यावरून ओसरीवर चालले होते.

पहिला प्रश्न आबांनाच. एका मडक्याला राख किती घालता? आबा खाकरले आणि म्हणाले, "घालायची बेताबेतानं." दुसऱ्याला विचारलं, तर त्याला वाटलं राख म्हणजे मागासपणा दिसेल. तो म्हणाला, "राख न्हाई घालत आमी. दवा घालतो." कसला दवा, ते सांगता येईना. तिसरा म्हणाला, कणसं धुरावर टांगत नाहीत, धुरानं बी मरतं. त्याची बायको माझ्या शेजारीच बसली होती, तिच्या घरच्या जुड्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ती पदराचं टोक दातात धरून जमिनीकडे बघत बसली. बेगमसाहेब एकेका उत्तरासरशी कागद बघत आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत जाई.

मग चपराशानं काकीच्या नवऱ्याचं नाव पुकारलं.

ओसरीवरच्या माना एकमेकांकडे वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. दीर घाईघाईनं म्हणाला, "त्यो गावाला गेलाय." वारसाची नोंद त्यानं मुद्दामच अडवून धरली होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सरकारच्या बाईसमोर भाऊ मेल्याचं तो कशाला बोलतोय!

"उनकी घरवाली है क्या इधर?" बेगमसाहेबांनी विचारलं.

सगळ्या बाया काकीकडे बघायला लागल्या. काकी उठली, पुढे आली. तिचं पांढरं कपाळ आणि मोकळे हात. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मला वाचवायचं म्हणून बोलून गेली, "हो. भायेरगावी गेलेत आमचे. येतील सांजच्याला."

मला आजही ते आठवलं की अंगाची आग होते. स्वतःच्या हातानं कुंकू पुसलेली बाई माझ्या पाहणीपायी मेलेल्या नवऱ्याला संध्याकाळी घरी आणत होती. आणि बाहेर माझा भाऊ बसला होता, ज्यानं तिच्यावर ही पाळी आणली, परीटघडीच्या धोतरात.

बेगमसाहेबांना सवाष्ण कोण आणि विधवा कोण हे न कळायला त्या काही काल आल्या नव्हत्या. त्यांनी कागद मांडीवर ठेवला. माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बेटी, ये क्या लिखके लाए तुम?"

मग मी कुणाची भीड ठेवली नाही. माझा आवाज ओसरीवर पार पलीकडे गेला असेल. म्हटलं, "हा माणूस मेलाय. यानं काही सांगितलं नाही. सांगितलं ते हिनं. कागदावरच्या एकाही पुरुषानं मला काही सांगितलेलं नाही. सांगितलं ते इथं बसलेल्या बायांनी. माझ्या भावानं नावं बदलली. विचारा यांना, हवं ते विचारा!"

बेगमसाहेबांनी खरंच विचारलं. बाई न्यायाची होती, मला तिच्याबद्दल तक्रार नाही. एकेकीकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमने बोले क्या ये सब?"

पहिली म्हणाली, "मालकाला ठावं." दुसरी म्हणाली, "आमाला काय कळतंय, मालकाला इचारा." तिसरीनं नुसती मान हलवली. ज्या राखेवरून एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या होत्या, त्या सगळ्या एका सुरात मालकाचं नाव पुढे करत होत्या. का, ते मला कळत होतं. सरकारच्या कागदावर नवऱ्याचं नाव चढलं होतं. 'मी सांगितलं' म्हणायचं म्हणजे नवरा खोटा, आणि तो चार हातांवर ओसरीवर बसलेला. दादानं नावं घातली नव्हती, बायांच्या तोंडाला शेणमाती लिंपली होती. कळत होतं, पण म्हणून राग कमी झाला नाही. काकी तेवढी "मी..." म्हणून काहीतरी बोलायला गेली, तर बाहेर दीर मोठ्यानं खाकरला. ती खाली बसली.

शेवटी राहिली माझी माय. ती खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याकडे अशी बघत होते की दगडाला पाझर फुटला असता. तिला माहीत होतं, आपल्या एका शब्दावर माझी सनद आहे आणि ती गेली तर पाथरी आहे. तिनं दाराकडे पाहिलं, आबांच्या फेट्याचं टोक तिथून दिसत होतं.

"ह्यांनाच ठावं," माय म्हणाली.

बेगमसाहेब गेल्या. जाताना म्हणाल्या, मेलेल्या माणसाच्या साक्षीवर मी सनद देऊ शकत नाही, पुढच्या साली पुन्हा लिहून आण, या वेळी स्वतः. दमणी वेशीबाहेर गेली तशी ओसरीवरची तोंडं मोकळी झाली. दादा म्हणाला, "अक्षराला मात्र नावं ठेवली नाहीत त्यांनी." आबा म्हणाले, "पुढचं साल कुनी बघितलंय? पाथरीला निरोप धाडा."

मी मायला नको नको ते बोलले. म्हटलं, तू मला जन्म कशाला दिलास, पोटच्या पोरीसाठी एक शब्द तुझ्या तोंडातून निघेना. म्हटलं, त्या काकीनं मेलेला नवरा उठवला आणि तुला जित्या नवऱ्याची भीती. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पाथरीच्यांचा होकार आला, पाट कधी लावायचा त्याची बोलणी सुरू झाली, आणि माय सगळं ऐकत घरभर मुकाट्यानं वावरत होती. तिच्या त्या मुकेपणाची मला शिसारी आली होती.

मृग निघाला. गावात तिफणी झाडूनपुसून तयार झाल्या. आमच्याकडे पेरणीचं बी घरची सवाष्ण मडक्याला हळदकुंकू वाहून बाहेर काढते. तिनं ते सुपात घालून मालकाच्या हाती द्यायचं, मग ते शेतात जायचं. आबा सकाळीच बैल जुंपायच्या तयारीनं आले आणि ओसरीवरून हाक दिली, "बी काढ गं."

माय जात्यापाशी बसली होती. बसूनच राहिली.

"ऐकू आलं न्हाई का? बी काढ."

"तुमीच काढा," माय म्हणाली. "कागदावर तुमचं नाव हाय न्हवं? तुमीच राखलंय, तुमीच काढा."

आबांना आधी वाटलं थट्टा करतेय. मग त्यांचा आवाज चढला. गडी दारात उभा होता, दादा सुट्टीवर आलेला होता, सगळ्यांसमोर त्यांनी तिला काय काय म्हणायचं ते म्हटलं. मी कधी तिला त्यांच्यापुढे मान ताठ करून बसलेलं पाहिलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "पोरगी परत वर्गाला जाईल तवा मडकी उघडतील. न्हाई तर फोडा आन् घ्या." आबा आतल्या खोलीत गेले. मडकी ओळीनं होती, लिंपलेली, वर मायच्या बोटांच्या खुणा. दादा म्हणाला, "फोडा, त्यात काय!" पण पुरुषानं फोडलेल्या मडक्यातलं, हळदकुंकू न लागलेलं बी काळ्या आईच्या पोटात टाकायला आबांचं मन धजेना. वर्ष वाईट गेलं असतं तर त्यांनी स्वतःलाच दोष दिला असता. ते हात हलवत बाहेर आले.

त्या दिवशी आमची तिफण चालली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या शेतांत पेरणी सुरू झाली, लोक विचारायला लागले, आणि आबा कुणाला काय सांगणार? बायको बी देत नाही? शेवटी ते मायकडे न बघता दादाला म्हणाले, "हिला घेऊन जा परभणीला. पाथरीला मी कळवतो." माय उठली, हातपाय धुतले, हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि आत गेली.

तिचे उपकार मी मानते. पण रागही सोडला नाही. परभणीला निघताना मी तिला विचारलंच, "हे त्या दिवशी बेगमसाहेबांसमोर का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तिथं बोलले असते तर तुझा बाप चार लोकांत खोटा पडला असता. मग तुला कोन धाडलं असतं?" हिशेब बरोबर असेल. मला तो तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. घरात मडकी अडवता येतात आणि माजघरात तोंड उघडता येत नाही, हे असलं शहाणपण बायांना ज्यांनी शिकवलं त्यांचं तळपट होवो असंच मला वाटतं.

पाहणी मी पुन्हा लिहिली. पुन्हा घरोघर गेले. या वेळी बाया जपून बोलत होत्या, तरी बोलल्या. काकीनं तर राखेचं भांडण आणखी रंगवून सांगितलं. स्वच्छ प्रत मीच केली, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात, दोन ठिकाणी शाई सांडली तशीच ठेवली. उर्दू गोषवारा वर्गाच्या बाईंनी कुणाकडून तरी करवून दिला. दादा रोज विचारायचा, "दे की, जरा नजर घालतो." मी कागद उशाखाली ठेवून त्यावर डोकं टेकवायची. सनद मिळाली, आणि पुढं जन्मभर मी मास्तरकी केली.

माय एवढंच म्हणाली होती, "लिही सगळं, पन माझं नाव घालू नगं. ह्यांच्या कानावर जाईल." मी तिचं नाव पहिल्याच ओळीत घातलं, एकटं तिचंच, पुढंमागं आबांचं काही न जोडता. तिला वाचता येत नव्हतं, आणि घरात ज्याला येत होतं त्याला मी तो कागद दाखवला नाही.